कारगिल मध्यावर होतं तेव्हा

श्रीनगरहून लेहकडे निघालेल्या सहलीच्या गाड्या द्रासला हमखास थांबतात. तोलोलिंगच्या पायथ्याशी युद्धस्मारक आहे, १९९९ च्या जवानांची नावं कोरलेली भिंत आहे, आणि तिथे थोडा वेळ उभं राहिल्यावर बोलकी माणसंही गप्प होतात. पुढे तास-दीड तासावर कारगिल येतं, तोवर अंधारत आलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत या गावापुढे बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: रात्रीचा मुक्काम. सकाळी चहा-नाश्ता उरकून गाड्या पुढे लागतात. शंभर वर्षांपूर्वीचे तांडेही कारगिलला मुक्कामालाच थांबत, पण त्यांच्या लेखी हे गाव वाटेच्या मधोमध होतं. देशाच्या कडेला ते अजून गेलं नव्हतं.

हे ज्याला पाहायचं असेल त्याने सकाळची घाई सोडून गावातल्या एका छोट्या संग्रहालयात जावं. मुन्शी अझीझ भट यांच्या नावाचं हे संग्रहालय २००४ साली सुरू झालं. मध्य आशिया आणि कारगिल यांच्यातल्या व्यापाराच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. सरकारी संग्रहालयाचा थाट इथे नाही. भट यांच्या वंशजांनीच ते उभं केलं आणि तेच ते चालवतात. आलेल्या पाहुण्याला वस्तू दाखवताना ‘आजोबांच्या दुकानातलं’ असा उल्लेख सहज होऊ शकतो, असं हे घरगुती प्रकरण आहे.

मुन्शी अझीझ भट १८६६ साली जन्मले आणि १९४८ साली वारले. फारसी जाणणारा, अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून ‘मुन्शी’ ही उपाधी त्यांना चिकटली. काश्मीरच्या डोगरा राजवटीत सरकारदरबारी काहीही काम असो, अर्जाशिवाय पान हलत नसे. त्यामुळे अर्जनविसाला साऱ्या मुलखाची खबर असे. कोणाचा माल कुठे अडकला, कोणी कोणाचे पैसे बुडवले, कोणत्या नाक्यावर किती जकात, हे सगळं ज्याच्या लेखणीखालून जातं तो माणूस पुढे व्यापारात उतरला, यात नवल नाही. मुलांना हाताशी घेऊन त्यांनी पेढी काढली आणि १९२० च्या सुमारास सुरू नदीच्या काठी तीन मजली सराई बांधली. खाली जनावरं नि माल, वर माणसं, अशी सराईची नेहमीची रचना.

कारगिलच का, याचं उत्तर नकाशात आहे. पश्चिमेला झोजी ला ही खिंड ओलांडून श्रीनगर, पूर्वेला नमिका ला आणि फोटू ला ओलांडून लेह, दक्षिणेला सुरू नदीच्या उगमाकडे झंस्कर. श्रीनगर, लेह आणि झंस्करचं पदुम ही तिन्ही ठिकाणं इथून साधारण दोनशे ते अडीचशे किलोमीटरवर. आणि चौथी वाट उत्तरेला, नदीच्या प्रवाहाबरोबर सिंधूकडे आणि तिथून बाल्टिस्तानातल्या स्कार्दूकडे. ही चौथी वाट आजच्या नकाशावरून गायब आहे. मात्र डोगरा राजवटीत लेह, कारगिल आणि स्कार्दू या तीन तहसिलींचा मिळून एकच लडाख वजारत होती आणि तिचा कारभार पाहणारा वजीर अर्धं वर्ष लेहला, अर्धं वर्ष स्कार्दूला बसे. म्हणजे दरवर्षी अख्खं सरकारी दफ्तर घोड्यांवर लादून या मुलखातून पार जात असे.

खऱ्या मोठ्या व्यापाराची वाट मात्र लेहच्याही पलीकडे होती. लेहहून खारदुंग ला, सासेर ला आणि साडेपाच हजार मीटरहून उंच असलेली काराकोरम खिंड पार करून सिंक्यांगमधल्या यारकंदला पोचायला महिनाभर, कधी त्याहून जास्त लागे. वाटेत गवत नाही, सरपण नाही, गाव नाही. मेलेल्या घोड्यांचे आणि याकांचे सांगाडे इतके पडलेले असत, की त्यावरून रस्ता ओळखावा, असं त्या वाटेने गेलेल्या प्रवाशांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं आहे. तरीही तांडे जात राहिले. १८६७ साली इंग्रजांनी डॉ. हेन्री केली यांना लेहमध्ये व्यापारावर नजर ठेवायला बसवलं आणि १८७० साली काश्मीरचे महाराजा रणबीर सिंह यांच्याशी करार करून यारकंदच्या मालासाठी मोकळा रस्ता मागून घेतला. त्या रस्त्यावर देखरेख करायला दोन आयुक्त नेमले गेले, एक इंग्रजांचा आणि एक महाराजांचा. रशियाच्या आधी यारकंद-काशगरची बाजारपेठ हाती यावी हा त्यामागचा हिशोब होता.

लेहला उतरलेल्या मालाला पुढे दोन वाटा फुटत. एक कुलूवरून होशियारपूर-अमृतसरकडे, दुसरी कारगिलवरून श्रीनगर आणि रावळपिंडीकडे. १८९० च्या दशकात झेलमच्या खोऱ्यातून श्रीनगरपर्यंत गाडीरस्ता झाला आणि रावळपिंडीची रेल्वे काश्मीरला जवळ आली. त्याचा लाभ कारगिलला मिळाला.

संग्रहालयात शिरल्यावर नजर आधी ठसठशीत वस्तूंवर जाते. यारकंदी गालिचे, घोड्यांची खोगिरं, हुक्के, पिरोजा, जुन्या बंदुका, फारसी-उर्दू कागदपत्रं. ‘रेशीम मार्ग’ म्हटलं की मनात जे चित्र उभं राहतं त्याला साजेसं असं हे सगळं. रेशमाचा वाटा त्या काळी तसा बेताचाच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यारकंदहून भारतात येणाऱ्या मालात किमतीच्या हिशोबाने चरस अगदी वरच्या रांगेत होता. तो कायदेशीर होता, त्यावर पंजाब सरकार कर घेई, आणि त्या कराची नीट नोंद होई. १९३० च्या दशकात सिंक्यांगमधल्या राजवटीने चरसवर बंदी आणली तेव्हा तांड्यांचं कंबरडंच मोडलं. भारतातून जाणाऱ्या मालात सुती कापड, मसाले, चहा, नीळ, किनखाप. त्यातलं बरंचसं कापड मँचेस्टरच्या गिरण्यांचं. सहलीच्या जाहिरातीत चरस आणि मँचेस्टर शोभत नाहीत, हे खरं.

म्हणूनच खोगिरांपेक्षा किरकोळ वस्तूंच्या कपाटापुढे जास्त वेळ उभं राहावं. तिथे इंग्लंडचा साबण आहे, बटणं आहेत, जर्मनीहून आलेले रंग आहेत. एखाद्या वाणसामानाच्या दुकानाची आवराआवर करताना सापडावं तसं हे सामान. यातले रंग घ्या. १८५६ साली विल्यम पर्किनने लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग केला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो धंदा जर्मन कारखान्यांनी जवळजवळ ताब्यात घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे स्वस्त, भडक रंग खोतान-यारकंदच्या विणकरांपर्यंत पोचले आणि तिथल्या गालिच्यांचे रंगच पालटले. त्याआधीचे नैसर्गिक रंगांचे गालिचे आणि नंतरचे गालिचे यांतला फरक जाणकार आजही एका नजरेत सांगतात. ऱ्हाइनच्या काठच्या कारखान्यातला रंग आणि ताक्लामाकानच्या कडेचा गालिचा एकाच छताखाली पाहायला मिळावेत, यासाठी कारगिलसारखं मधलं गावच लागतं.

साबणाचंही तसंच. तो काही राजेरजवाड्यांसाठी आलेला नव्हता. बाजारात कोणीतरी तो विकत घेत होतं, म्हणून तर व्यापाऱ्याने घोड्याच्या पाठीवरची मोलाची जागा त्याला दिली. झोजी ला ओलांडून आलेल्या वस्तूची किंमत वाटेतल्या प्रत्येक मुक्कामागणिक वाढत जाते. तरीही गिऱ्हाईक होतं. ‘मागासलेला, जगापासून तुटलेला डोंगराळ भाग’ हे जे वर्णन लडाखच्या माथी मारलं जातं, ते या कपाटापुढे फारसं टिकत नाही.

या वाटेने माणसंही येत, आणि त्यांतल्या काहींचा मुक्काम थेट मुंबईला पडे. यारकंद-काशगरचे मुसलमान हजला निघत तेव्हा एक वाट रशियातून काळ्या समुद्राकडे जाई, दुसरी काराकोरम उतरून हिंदुस्थानातल्या बंदरांकडे. दुसऱ्या वाटेचे यात्रेकरू लेह गाठत, पंजाबात रेल्वेत बसत आणि मुंबईत जेद्दाच्या आगबोटीची वाट पाहत राहत. हज यात्रेकरूंचं मुंबई हे तेव्हा मोठं बंदर होतं. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास लोकरी टोपी आणि उंच बूट घातलेला यारकंदी हाजी दिसला, तर ती काही अजब गोष्ट नव्हती.

संग्रहालयाची एक बाजू मात्र लंगडी आहे, आणि तो दोष त्याच्या मालकांना देता येणार नाही. व्यापाऱ्याच्या घरात व्यापाऱ्याचंच सामान उरतं. ज्यांनी ते वाहिलं त्यांचं काय? तांड्यांबरोबर घोडी हाकणारे व्यावसायिक भाडोत्री होते, त्यांना किरायाकश म्हणत. त्यांची निदान बोली तरी होत असे. त्यांच्या खालचा थर म्हणजे वाटेवरच्या गावांतले शेतकरी. सरकारी अंमलदार किंवा परवाना असलेला प्रवासी आला की ठरलेल्या दराने घोडी आणि हमाल पुरवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. ऐन कापणीच्या दिवसांत शेत सोडून दुसऱ्याचं ओझं पुढच्या मुक्कामापर्यंत न्यायचं. उन्हाळा मुळात चार-पाच महिन्यांचा, प्रवासी येणार तेही त्याच काळात. पाठीवरच्या दोरखंडाचं किंवा फाटक्या पट्टूचं जतन कोणी केलं नाही, म्हणून कपाटात ते सापडत नाहीत. गालिच्याकडे पाहताना तो कोणाच्या पाठीवरून आला, हा प्रश्न पाहणाऱ्यानेच सोबत न्यायला हवा.

मग हे सगळं थांबलं, तेही दोन-तीन वर्षांत. भारत-पाकिस्तान युद्धात १९४८ च्या मे-जूनमध्ये कारगिल आणि द्रास पाकिस्तानी बाजूच्या फौजांच्या हाती पडले. सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर ऑगस्टमध्ये स्कार्दूही पडलं. १ नोव्हेंबरला जनरल थिमय्यांनी झोजी लावर चक्क रणगाडे चढवले, इतक्या उंचीवर रणगाडा येईल अशी समोरच्यांना कल्पनाही नव्हती, आणि महिनाअखेरीस कारगिल पुन्हा भारताकडे आलं. स्कार्दू राहून गेलं. १९४९ च्या जानेवारीत युद्धबंदी झाली आणि एकाच वजारतीच्या तहसिली दोन देशांत गेल्या. त्याच वर्षी शरद ऋतूत चिनी साम्यवादी फौजा सिंक्यांगमध्ये पोचल्या आणि यारकंदची वाटही आवळत गेली. काशगरमध्ये भारताची वकिलात होती. तिथले अखेरचे भारतीय महावाणिज्यदूत कॅप्टन आर. डी. साठे, हे मराठी गृहस्थ. पुढे १९७९ साली ते भारताचे परराष्ट्र सचिव झाले. त्यांच्यानंतर काशगरला भारताने कोणाला पाठवलं नाही. पाठवायला वकिलातच उरली नाही.

मुन्शी अझीझ भटही १९४८ मध्येच गेले. त्यांच्यामागे सराई होती, पण वाट नव्हती. चार वाटांपैकी स्कार्दूची बंद, लेहच्या पुढची बंद; उरलेल्या रस्त्यावर मोटारी साठच्या दशकात धावू लागल्या आणि मोटारीला सराई लागत नाही. इमारत रिकामी पडली, आत माल तसाच. गेल्या शतकाच्या शेवटी ती पाडण्याचा विचार सुरू झाला तेव्हा कुटुंबाला आतल्या खोल्यांमध्ये हे सगळं सापडलं. अशा वस्तूंना जुन्या बाजारात गिऱ्हाईक लगेच मिळतं, आणि लडाखमधल्या कित्येक घरांतला ऐवज त्याच वाटेने गेला. या कुटुंबाने तो विकला नाही. लडाखच्या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ जॅकलिन फ्यूक्स यांच्यासारख्या संशोधकांनी या वस्तूंचं मोल ओळखलं, त्याचाही त्यात वाटा आहे. फ्यूक्स यांचं रेशीम मार्गावरच्या व्यापाराविषयीचं, लडाखच्या इतिहासावरचं पुस्तक २००९ साली आलं.

कारगिलपासून थोड्याच किलोमीटरवर, ताबारेषेला खेटून, हुंदरमन नावाचं गाव आहे. १९४९ नंतर ते पाकिस्तानच्या बाजूला होतं, १९७१ च्या युद्धानंतर भारताकडे आलं. जुनी वस्ती उतारावर एकावर एक रचलेल्या दगडी घरांची. लोक आता वरच्या बाजूला राहतात. त्या ओस वस्तीतल्या एका घरात गावकऱ्यांनी स्वतःचं संग्रहालय मांडलं आहे. घरातली भांडी, पलीकडे राहून गेलेल्या नातलगांची पत्रं, तोफगोळ्यांचे तुकडे. मुन्शींच्या संग्रहालयात वाट चालू असतानाच्या वस्तू आहेत, हुंदरमनला वाट बंद झाल्यावरच्या. दोन्ही एकाच दिवसात पाहून होतात आणि ती त्याच क्रमाने पाहावीत. एरवी हुंदरमनला पोचलेले पर्यटक दुर्बिणीतून पलीकडचं गाव पाहतात, छायाचित्रं काढतात आणि परततात. पलीकडे काय तुटून राहिलं याचा अंदाज साबण-बटणांचं कपाट पाहिल्याशिवाय येत नाही.

एप्रिल २००५ मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, पुढच्या वर्षी पूंछ-रावळाकोट. २००८ पासून ताबारेषेवरून मालाच्या देवाणघेवाणीलाही सुरुवात झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये भारताने ती स्थगित केली. कारगिल-स्कार्दू रस्ता उघडावा ही मागणी कारगिलमध्ये या सगळ्याच्या आधीपासून होत आली आहे आणि अजूनही होते. त्या रस्त्यावरून ना बस गेली, ना माल. दोन्हीकडच्या घरांत बोलली जाणारी बाल्टी भाषा एकच आहे, मोहर्रमचे नौहे तेच आहेत, जर्दाळूची झाडंही त्याच जातकुळीची. स्कार्दूच्या चुलत्याला भेटायला निघालेला कारगिलचा माणूस, २०२५ साली तीही वाट बंद होईपर्यंत, आधी दिल्ली गाठत असे, व्हिसासाठी रांग लावत असे, मिळाला तर पंजाबची सरहद्द ओलांडून लाहोर-इस्लामाबादमार्गे पुन्हा उत्तरेला डोंगर चढत असे. सुरू नदीचं पाणी मात्र मुन्शींच्या काळी जात होतं त्याच दिशेने स्कार्दूच्या बाजूला जातं.