तू कितवा? टास्कला नंबर मिळाला त्याची गोष्ट

विषय संगणकभाषेचा आहे, पण बुलढाण्यात बोलतोय तर सुरुवात खानेसुमारीपासून करतो. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री वऱ्हाडात माणसं मोजली गेली. काम सगळ्या प्रगणकांचं एकच, वेळ एकच, घरं मात्र ज्याची त्याची वेगळी. कुणाकडे कुठली घरं, हे आधीच ठरलेलं होतं. त्या रात्री प्रत्येकजण तहसीलदाराला ‘साहेब, माझी आळी कुठली?’ असं विचारत बसला असता, तर तिथंच उजाडलं असतं!

एडा भाषेत शंभर वर्षांनी नेमकं तेच झालं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झाँ इश्बिया यांच्या गटानं ती रचली आणि १९८३ साली तिचं मानक आलं. (आपलं शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच सालचं.) एकाच वेळी चालणारी कामं, म्हणजे ‘टास्क’, ही भाषेतच होती; त्या काळी ही मोठीच गोष्ट. एका साच्यातून दहा टास्कचा ॲरे काढा, दहाही चालू लागतात. पण आपण कितवे, हे एकालाही ठाऊक नसे. रेकॉर्डला ‘डिस्क्रिमिनंट’ नावाचं प्राचल देता येई, टास्कला नाही.

मग करायचं काय? प्रत्येक टास्कनं सुरुवातीलाच एक एन्ट्री उघडून थांबायचं. मुख्य प्रोग्राम एकेकाकडे जाणार, ‘तू एक, तू दोन’ सांगत. म्हणजे एकत्र निघायची मंडळी पुन्हा रांगेत उभी.

मला तेव्हा ही रांग नको होती. मी सामाईक काउंटर ठेवला. टास्कनं जागं व्हायचं, आकडा वाचायचा, एक वाढवायचा. आठवडाभर सुरळीत चाललं. मग एके दिवशी दोन टास्कनी एकदमच वाचलं आणि दोघेही चार नंबरचे झाले. पाचवा कप्पा रिकामा, आणि चूक पुन्हा घडवून दाखवावी तर घडेना. तीन रात्री गेल्या माझ्या त्यात. चूक माझीच, भाषेची नव्हे.

टकर टाफ्ट यांच्या पुढाकारानं १९९५ ची आवृत्ती झाली, तिनं टास्कलाही डिस्क्रिमिनंट दिलं. आता टास्क जन्मतःच आपला नंबर घेऊन येतो. शिवाय तो नंबर स्थिर राहतो, मध्येच कुणी बदलू शकत नाही. टास्कची प्रायॉरिटीही अशीच बाहेरून देता येते. एन्ट्रीच्या वाटेनं ते जमत नसे, कारण तोवर टास्क सुरू झालेला असे.

तरी एक मेख राहिलीच, बघा. ॲरेतल्या सगळ्या टास्कना एकच साचा, म्हणून लिहून दिलेलं डिस्क्रिमिनंटही सगळ्यांना एकच! त्यावर लोकांनी तोड काढली: डिस्क्रिमिनंटची मूळ किंमत म्हणून एक फंक्शन लावायचं, दर हाकेला पुढचा आकडा देणारं. म्हणजे पुन्हा काउंटरच. फरक एवढाच, की इथं आकडे वाटणारा एकटा असतो, आणि टास्क जागे व्हायच्या आत त्याचं वाटून झालेलं असतं.