किनाऱ्यावरचें घर आणि त्याचा खर्च

समुद्रानें पाडलेलें घर पुन्हां कोठें बांधावें, हा प्रश्न निघाला कीं त्याच्या मागोमाग दुसराहि एक प्रश्न येतो : तें कोणाच्या पैशानें बांधावें? पहिल्याचें उत्तर इंजिनियर देऊं शकतो. दुसऱ्याचें उत्तर समाजालाच द्यावें लागतें, आणि तें देण्याची वेळ बहुधा दानशूरतेचा पहिला भर ओसरल्यावर येते. संकटाच्या पहिल्या आठवड्यांत अन्न, वस्त्र व औषध यांचीच निकड असते. तेव्हां कोणी हिशेब मागत नाहीं. पुढें चिखल वाळतो, वर्तमानपत्रांचे मथळे बदलतात, आणि मग खर्चाची वही उघडते. ही वही उघडून आपल्या वांट्याचा आंकडा ज्या शहरानें आपल्याच हातानें लिहिला, असें एक ठळक उदाहरण इतिहासांत आहे. तें म्हणजे अमेरिकेच्या टेक्सास राज्यांतील गॅल्व्हेस्टन.

मेक्सिकोच्या आखातांत, मुख्य भूमीला लागून पसरलेलें वाळूचें एक लांबट, अरुंद बेट आहे. त्याच्या पूर्व टोंकाकडे हें शहर वसलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोकसंख्या ३८ हजारांच्या आसपास होती. कापसाच्या निर्यातीमुळें बंदर भरभराटलें होतें आणि टेक्सासमधील धनिक शहरांत त्याची गणना होत होती. मात्र या साऱ्या वैभवाखालची जमीन समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहून अधिक उंच कोठेंहि नव्हती.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असें नाहीं. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडे इंडियानोला नांवाचें एक प्रतिस्पर्धी बंदर होतें. १८७५ च्या वादळांत त्याची धूळधाण झाली. लोकांनीं तें हिंमतीनें पुन्हां उभारलें. पण १८८६ मध्यें दुसरें वादळ आलें आणि उरलेंसुरलें गांव पाण्यानें व आगीनें गिळलें. या वेळीं मात्र रहिवाशांनीं ती जागा सोडून दिली. गॅल्व्हेस्टनमध्यें त्यानंतर समुद्रभिंतीची चर्चा झाली, परंतु ती चर्चाच राहिली. १८९१ मध्यें तेथील सरकारी हवामान-अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीं स्थानिक वर्तमानपत्रांत लेख लिहून, वादळापासून या शहराला गंभीर धोका नाहीं असा निर्वाळा दिला. ज्या खर्चाचा तगादा आज कोणी लावीत नाहीं, तो उद्यांवर ढकलणें मनुष्यस्वभावाला सोपें वाटतें. त्यावर शास्त्राचा शिक्का उमटल्यावर तें अधिकच सोपें झालें.

८ सप्टेंबर १९०० रोजीं तो उद्यां उगवला. वादळाबरोबर पंधरा फुटांहून अधिक उंचीचा पाण्याचा लोट बेटावर चढला. सुमारें ३,६०० घरें नाहींशीं झालीं. मृतांचा नक्की आंकडा कधींच लागला नाहीं. कोणी सहा हजार म्हणतात, कोणी बारा हजार. सामान्यतः आठ हजार धरले जातात. अमेरिकेच्या इतिहासांत नैसर्गिक आपत्तीनें एवढे बळी अन्य कोणत्याहि वेळीं घेतलेले नाहींत. क्लाइन यांच्या पत्नीहि त्यांत बुडाल्या. प्रेतें उचलण्याचें भयंकर काम बंदुकीच्या धाकावर ज्यांच्याकडून करून घेतलें गेलें, त्यांत मुख्य भरणा कृष्णवर्णीय मजुरांचा होता. आपत्तीचा पहिला खर्च कोणाच्या अंगावर पडतो, याची ही साक्ष पहिल्याच आठवड्यांत मिळाली.

शहरापुढें आतां इंडियानोलाचा मार्ग होता, आणि तो सोडावयाचा तर दुसरा मार्ग शोधणें भाग होतें. नगरपालिकेची तिजोरी आधींच कर्जानें पोखरलेली होती. तरीहि रहावयाचें असें ठरलें. नव्या कारभारी मंडळानें तीन इंजिनियरांची समिति नेमली. त्यांत हेन्री मार्टिन रॉबर्ट हे सैन्यांतील निवृत्त अधिकारी होते. सभाशास्त्रावरील त्यांचें पुस्तक आजहि इंग्रजी जगांत प्रमाण मानलें जातें. १९०२ च्या आरंभीं समितीनें दोन उपाय सुचविले : समुद्राच्या अंगाला काँक्रीटची भक्कम भिंत बांधावी, आणि भिंतीमागचें शहरच उचलून वर घ्यावें.

या दोन उपायांच्या खर्चाची वांटणी कशी झाली, हें पाहण्यासारखें आहे. भिंतीचा सुमारें पंधरा लाख डॉलरचा बोजा गॅल्व्हेस्टन जिल्ह्यानें कर्जरोखे काढून उचलला, आणि त्या कर्जाला मतदारांनीं जवळजवळ एकमतानें संमति दिली. आपल्यावर कर बसणार हें जाणून लोकांनीं तें मत दिलें होतें. १९०२ च्या ऑक्टोबरांत काम सुरू झालें आणि १९०४ च्या जुलैंत सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून अधिक लांबीची भिंत उभी राहिली. तिच्या पश्चिमेस संयुक्त सरकारचा लष्करी तळ होता. त्याच्यापुढील भिंत त्या सरकारनें स्वतःच्या खर्चानें बांधली. शहराची जमीन उंच करण्यासाठीं टेक्सास राज्यानें त्या जिल्ह्यांतून आपल्याला मिळणाऱ्या करांवर कांहीं वर्षें पाणी सोडलें आणि ती रक्कम भराईच्या कर्जाकडे लावूं दिली. ज्याच्या पदरांत लाभ पडणार होता, त्याच्या नांवावर त्या त्या प्रमाणांत खर्चाचा आंकडा पडला.

चौथा वांटा घरमालकाचा होता. सार्वजनिक पैशांतून जमिनीवर वाळू पडणार होती. परंतु त्या वाळूवर घर उचलून धरण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा होता. शहरामधून एक कालवा खोदण्यांत आला. गाळ उपसणारीं जहाजें बंदराच्या तोंडाशीं पाणी व वाळू भरून त्या कालव्यानें आंत येत, आणि तो राड नळांवाटे मोहल्ल्यामोहल्ल्यांत सोडीत. तत्पूर्वीं तेथील घरें जॅकांवर उचलून खांबांवर ठेवलेलीं असत. पाणी निथळून जाई, वाळू मागें राही. या रीतीनें १९११ पर्यंत दोन हजारांहून अधिक इमारती उचलल्या गेल्या. कोठें कांहीं इंच, कोठें अकरा फुटांपर्यंत. सेंट पॅट्रिक चर्चची सुमारें तीन हजार टन वजनाची वास्तु सातशें जॅक लावून पांच फूट वर घेण्यांत आली. तीं सात-आठ वर्षें नागरिक उंच फळ्यांच्या पुलांवरून बाजारांत गेले, कुजणाऱ्या राडीचा वास सहन करीत राहिले, आणि त्यांच्या बागा व झाडें वाळूखालीं गेलीं. कोणत्याहि जमाखर्चांत न दिसणारा हाहि एक कर होता.

या वांटणींत सर्वांना न्याय मिळाला असें म्हणतां येणार नाहीं. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं दगडविटांचीं मोठीं घरें उचलविलीं किंवा तळमजला वाळूंत बुजवून वरच्या मजल्यांत संसार थाटला. ज्यांचें लांकडी घर हीच सारी मिळकत होती, त्यांना तें उचलण्याचा खर्चहि डोईजड होता. नवें कारभारी मंडळ कार्यक्षम होतें. पण त्याच्या निवडणुकीची पद्धति अशी होती कीं, गरीब व कृष्णवर्णीय मोहल्ल्यांचा स्वतंत्र आवाज त्यांत उरला नाहीं. म्हणून गॅल्व्हेस्टनचें उदाहरण आदर्श म्हणून नव्हे, तर प्रामाणिक हिशेबाचें उदाहरण म्हणून पहावें. रहावयाचें कीं जावयाचें हें ठरविणारे आणि त्याची किंमत मोजणारे बव्हंशीं एकच होते.

त्या किंमतीचें फळ १९१५ च्या ऑगस्टांत दिसलें. तशाच प्रकारचें प्रचंड वादळ आलें. बेटाच्या उघड्या भागांत व आसपास शेंकडों माणसें दगावलीं, पण भिंतीआडच्या शहरांत मृतांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. मनुष्यहानि टळली, वैभव मात्र परतलें नाहीं. १९१४ मध्यें ह्यूस्टनचा खोल जलमार्ग खुला झाला आणि व्यापार आंत, सुरक्षित जागीं सरकला. भिंतीच्या पायथ्याची पुळणहि लाटांनीं हळूहळू ओढून नेली. समुद्राला एका जागीं अडविलें म्हणजे तो दुसरीकडे आपली वसुली करतो, हा धडाहि याच शहरानें दिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील हा हिशेब बदलला. पुराचा विमा उतरविण्यास खाजगी कंपन्या तयार नव्हत्या, कारण पूर आला म्हणजे तो एका घराला नव्हे तर साऱ्या मुलखाला एकदम येतो. १९६५ मध्यें बेट्सी वादळानें लुइझियानांत मोठी हानि केली, आणि १९६८ मध्यें संयुक्त सरकारनें राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा केला. हेतु उत्तम होता : किनाऱ्यावर व नदीकांठीं राहणारानें विम्याच्या हप्त्यानें आपला भार आगाऊ उचलावा, गांवांनीं नव्या बांधकामावर निर्बंध घालावे, आणि दर खेपेस सरकारी मदतीकडे डोळे लावून बसण्याची पाळी कमी यावी. परंतु जुन्या घरांना सवलतीचे दर दिले गेले आणि कित्येक ठिकाणीं हप्ता खऱ्या धोक्याच्या मानानें थोडा राहिला. तींच घरें पुन्हां पुन्हां पडलीं आणि पुन्हां पुन्हां त्याच जागीं बांधलीं गेलीं. २००५ च्या कॅट्रिना वादळानंतर ही योजना अब्जावधि डॉलरच्या कर्जांत बुडाली. २०१२ मध्यें दर खऱ्या धोक्याशीं जुळविण्याचा कायदा झाला. मध्यम स्थितीच्या घरमालकांनीं एकच ओरड केली, आणि २०१४ मध्यें त्यांतील बराच भाग मागें घ्यावा लागला. २०१७ मध्यें सोळा अब्ज डॉलरचें कर्ज माफ करण्यांत आलें. म्हणजेच ज्यांनीं समुद्र कधीं पाहिलाहि नसेल अशा करदात्यांच्या नांवावर तें चढलें.

त्या ओरडीला केवळ स्वार्थी म्हणून चालणार नाहीं. किनाऱ्यावर हवेल्या असतात तशाच वाडवडिलांपासून चालत आलेल्या झोंपड्याहि असतात; एकाच दरानें दोघांना मोजलें तर हवेली राहते आणि झोंपडी जाते. खर्च कोणीं द्यावा या प्रश्नाच्या पोटांत, किनाऱ्यावर कोण उरणार हा प्रश्न दडलेला आहे. तो भारताच्या पूर्व किनाऱ्यावर उघडपणें समोर आला.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनें तमिळनाडूंतील नागपट्टिणम् जिल्ह्याची अपरिमित हानि केली. ३० मार्च २००५ रोजीं राज्य सरकारनें आदेश काढला. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आंत ज्यांचीं घरें मोडलीं होतीं त्यांच्यापुढें दोन मार्ग ठेवण्यांत आले : त्या रेषेपलीकडे जावयास तयार असल्यास दीड लाख रुपये किंमतीचें पक्कें घर मोफत मिळेल, जुन्याच जागीं रहावयाचें असल्यास दुरुस्ती स्वखर्चानें करावी, सरकारी मदत मिळणार नाहीं. कागदावर हा न्याय सरळ दिसतो. पण कोळ्याला समुद्र म्हणजे देखावा नव्हे. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा आणि होड्या व जाळीं डोळ्यांसमोर असणें, यांवर त्याचें पोट चालतें; रोज दूरवरून ये-जा करणें हाहि एक खर्चच होय. शिवाय आपण मोकळा केलेला किनारा उद्यां हॉटेलांच्या ताब्यांत जाईल, ही भीति त्या वस्त्यांतून बोलून दाखविली जात होती. कित्येकांनीं नवें घर घेतलें आणि किनाऱ्याशीं संबंधहि राखला.

गॅल्व्हेस्टनचा घरमालक आणि नागपट्टिणम् चा कोळी यांत साम्य थोडें; तरी दोघांच्या कहाणींतून एक कसोटी हातीं येते. ज्याचें पोट किनाऱ्याशीं बांधलेलें आहे त्याला तेथें सुरक्षितपणें राहतां यावें, यासाठीं साऱ्या समाजानें पैसा घालणें योग्य आहे. कारण त्यानें पकडलेली मासळी व चालविलेलें बंदर साऱ्या समाजाच्या उपयोगी पडतें. पण ज्यानें हौसेखातर किंवा नफ्यासाठीं तेथें घर बांधलें, त्यानें धोक्याची पुरी किंमत स्वतःच दिली पाहिजे. आणि कोणाच्याहि बाबतींत, तेंच घर त्याच जागीं त्याच उंचीवर बांधण्यासाठीं दुसऱ्यांदा दिलेला पैसा हा मदत नसून पुढल्या संकटाची तयारी आहे.

महाराष्ट्राला ही चर्चा परकी नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. घरांचीं कौलें व पत्रे उडाले, पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच किनाऱ्यावर कोळीवाडे आहेत, वाडीवाल्यांचीं घरें आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु कुटुंबांचे सुटीचे बंगलेहि आहेत. वादळ त्यांच्यांत भेद करीत नाहीं. वादळानंतरच्या हिशेबानें मात्र तो केला पाहिजे. आणि तो करावयाचा तर पुढलें वादळ येण्यापूर्वीं, शांत समुद्राच्या साक्षीनें केलेला बरा.