भास म्हणून हात झटकू नका

रंग बाहेर नसतातच, शरीर हेही मेंदूने रचलेले चित्र, तेव्हा सगळा भासच, असे हल्ली विज्ञानाच्या नावाने सर्रास सांगितले जाते. जोडीला शंकराचार्यांचा रज्जुसर्प, म्हणजे अंधारात दोरीच साप वाटण्याचा दाखला, असतोच. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. किरणांना स्वतःचा रंग नसतो, हे न्यूटनने १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्येच नोंदवले होते. पण मेंदूने रचले म्हणून खोटे, ही उडी तर्काला धरून नाही.

पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड याचा प्रयोग पाहा. त्याने रंगीबेरंगी कागदांच्या तुकड्यांचा फलक केला आणि त्यावर तीन प्रोजेक्टरांतून लांब, मध्यम व आखूड तरंगलांबीचा प्रकाश सोडला. मग झोत असे कमीजास्त केले, की आधी पांढऱ्या तुकड्यावरून जेवढा आणि जसा प्रकाश डोळ्यांत येत होता, नेमका तसाच आता हिरव्यावरून यावा. तरी हिरवा हिरवाच दिसला! कारण मेंदू एकट्या तुकड्याचे माप घेत नाही. तो शेजारच्या तुकड्यांशी ताडून पाहतो, दिव्याचा वाटा वजा करतो आणि कागद स्वतः कोणता प्रकाश किती परतवतो याचा अंदाज बांधतो. हा गुण कागदाचा आहे. दिवा आणताच दोरीवरचा साप नाहीसा होतो. इथे दिवे बदलले तरी रंग टिकतो. मग तो दाखला लागू कसा पडेल?

२०१५ साली गाजलेल्या एका फोटोतला ड्रेस कुणाला निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. त्या फोटोत उजेड कसला हेच उमगत नव्हते, म्हणून अंदाज फाटले. कपडा निळा-काळाच होता, आणि चूक कुणाची हे ठरवता आले ते त्यामुळेच.

शरीराबाबत रबरी हाताचा दाखला देतात. १९९८मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी माणसाचा हात पडद्याआड ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला. स्पर्श रबरी हातावर होतोय असे लोकांना वाटू लागले. पण ब्रशची लय चुकवली की हा भ्रम ओसरतो. रबरी हाताऐवजी लाकडाचा ठोकळा ठेवला तर तो जमतच नाही. मेंदू वाटेल ते मानत नाही, साक्षी तपासूनच मानतो.

हा वाद निव्वळ पंडिती असता तर मी एवढ्या पोटतिडकीने लिहिले नसते. हात कापलेला माणूस नसलेल्या बोटांत कळ येते म्हणतो, तेव्हा त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प केले जाते. हात गेल्यावर मेंदूतली हाताची जागा शेजारचा चेहऱ्याचा भाग बळकावतो, असे पाठ्यपुस्तके बरीच वर्षे सांगत आली. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन जणांचे मेंदू हात कापण्याआधी आणि नंतरही स्कॅन केले गेले. नसलेली बोटे हलवायला सांगितली, तेव्हा हाताचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा आढळला. कळ आहे म्हणणाऱ्याच्या मेंदूत त्या बोटांची जागा अजून शाबूत असते. तिथूनच उपचाराचा विचार सुरू व्हायला हवा.