आईचे कूळ आणि मुलाची शाळा

माणसाचा धर्म जन्माने ठरतो की संस्काराने, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ज्यू समाजात मात्र तो पंडितांच्या वादापुरता राहिला नाही. तो आईबापांचा हात धरून शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मिश्रविवाहातून जन्मलेल्या मुलाला ज्यू धर्मशिक्षण द्यावयाचे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणत्या अटीवर, याचा इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

परंपरागत नियम असा की, अपत्य आईच्या कुळाचे. माता ज्यू असेल तर मूल ज्यू. केवळ पिता ज्यू असेल तर नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथात या नियमाचा आधार आहे. त्याहून जुन्या धर्मग्रंथांत मात्र दोन सूर ऐकू येतात. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांना एज्राने परकीय बायका व त्यांची मुले दूर करावयास लावली. उलट, मवाबी रूथ सासूच्या मागोमाग बेथलेहेमास आली आणि दावीद राजाची पणजी ठरली.

आपल्या कोकणातील बेने इस्राएलांतही हा प्रश्न होता. ज्यू पिता आणि अन्यधर्मी माता यांच्या संततीला ‘काळा इस्राएल’ म्हणत, आणि ‘गोरा इस्राएल’ त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत. पुढे याच समाजावर काय पाळी आली पाहा! १९६२ साली इस्राएलच्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. लोकांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली, तेव्हा कुठे १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यूच आहेत असे जाहीर केले. वंशाची चाळणी एकदा हाती घेतली की ती कोणावर उलटेल, याचा नेम नसतो.

अमेरिकेतील सुधारणावादी ज्यूंनी दुसरी वाट धरली. त्यांच्या धर्मगुरूंच्या परिषदेने १९०९ साली मिश्रविवाहांविरुद्ध मत दिले होते. पण विवाह ठरावांनी थांबत नाहीत. म्हणून १९६१ च्या त्यांच्या विधिपुस्तकात असा निर्वाळा आला की, माता ज्यू नसली तरी जे मूल ज्यू शाळेत जाऊन दीक्षेपर्यंतचा अभ्यासक्रम पुरा करील, त्याला वेगळा धर्मांतरविधी नको. १९८३ साली परिषद आणखी पुढे गेली. मातापित्यांपैकी कोणीही एक ज्यू असल्यास मूल ज्यू मानावे. मात्र हिब्रू नाव, तोराचे अध्ययन, बार मित्स्वा अशा जाहीर कृतींनी ते दृढ व्हावे. सनातनी पंथाने हे मानले नाही, मध्यममार्गी पंथानेही नाही. तरी एक गोष्ट घडली: शिक्षण हा जन्माने मिळणारा हक्क न राहता धर्माचा पुरावा बनला.

याच्या नेमके उलट लंडनमध्ये घडले. तेथील ‘ज्यूज फ्री स्कूल’ ही १७३२ पासूनची नामांकित शाळा. पिता ज्यू, माता जन्माने इटालियन कॅथलिक, अशा एका मुलाला तिने प्रवेश नाकारला. मातेने ज्यू धर्म स्वीकारला होता. पण तो सनातनी पद्धतीने नव्हे, म्हणून मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयाला तो मान्य नव्हता. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २००९ रोजी नऊ न्यायाधीशांपैकी पाच जणांनी निकाल दिला की, मातेच्या कुळावरून प्रवेश ठरविणे हा १९७६ च्या वंशसंबंध कायद्याखाली प्रत्यक्ष भेदभाव होय. शाळेच्या हेतूवर मात्र न्यायालयाने ठपका ठेवला नाही. त्यानंतर शाळेला कुळाऐवजी धर्माचरण पाहावे लागले.

या निकालाने सारे सुरळीत झाले असे नाही. आचरण हीच कसोटी ठरली, तर जन्माने ज्यू पण प्रार्थनामंदिराकडे न फिरकणाऱ्या घरातील मूल मागे पडते. शतकानुशतके छळ सोसूनही जो समाज टिकला, त्याला आपल्या घराच्या सीमा आपणच ठरवाव्यात असे वाटणेही समजण्याजोगे आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. समाज सोडून जाणारा माणूस आपल्या मुलासाठी धर्मशाळेचे दार ठोठावीत नाही. जो ठोठावतो, तो परत येत असतो. आणि त्याच्या मुलाला पहिला प्रश्न आजीच्या कुळाविषयी विचारावा की धड्याविषयी, यावर त्या समाजाची पुढची पिढी अवलंबून असते.