विद्यापीठीय गोपनीय इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज
विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका, गुणनोंदी व विद्यार्थ्यांचा वैयक्तिक तपशील असलेल्या संगणकीय फायली. उदाहरणार्थ, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे (स्थापना १९९०) कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार असे तीन जिल्ह्यांचे आहे. इतक्या विस्तृत कार्यक्षेत्रात फायलींची सार्वजनिक, अंतर्गत व गोपनीय अशी वर्गवारी उपयोगी पडते. हा दर्जा बदलू शकतो : प्रश्नपत्रिका परीक्षा होईपर्यंतच गोपनीय असते, आधार क्रमांक मात्र कायम जपावा लागतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला, पण परीक्षकाचे नाव उघड करण्यापासून सूट दिली. गोपनीय फाइल कूटबद्ध करावी, पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवावा आणि ती कोणी, केव्हा उघडली याची नोंद ठेवावी, हे संरक्षणाचे मुख्य उपाय होत.