तीस नावांची यादी

2011 च्या उन्हाळ्यात ‘सुपरव्हायजरी इनसाइट्स’ नावाच्या नियतकालिकात एक लेख छापून आला. हे नियतकालिक फेडरल डिपॉझिट इन्शुरन्स कॉर्पोरेशनचे. एफडीआयसी या नावाने ओळखली जाणारी ही अमेरिकी सरकारी संस्था ठेवींचा विमा उतरवते आणि बँकांची तपासणीही करते. लेखाचा विषय रुक्ष होता. दुकानदार आणि बँक यांच्या मध्ये बसून पैसे वळते करणाऱ्या कंपन्या, म्हणजे पेमेंट प्रोसेसर, यांच्याशी व्यवहार करताना बँकेने काय जपावे, एवढेच त्यात सांगितले होते. वाचणारे बँकर आणि तपासनीस. बाहेरच्या कुणी त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते.

त्या लेखात एक चौकट आहे. जोखमीच्या व्यवहारांशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे अशा तीस धंद्यांची नावे तिच्यात इंग्रजी वर्णक्रमाने दिली आहेत. त्या क्रमामुळे दारूगोळ्याची विक्री अगदी पहिली आली आणि बंदुकांची विक्री एस्कॉर्ट सेवा आणि फटाके यांच्या मधोमध. पॉन्झी योजना, म्हणजे उघड गुन्हा, या यादीत आहे. आणि नाणी विकणारे, तंबाखू विकणारे, सहल क्लब चालवणारेही आहेत. कोणाची जोखीम फसवणुकीची, कोणाची ग्राहकांनी पैसे परत मागण्याची आणि कोणाची निव्वळ बदनामीची, हा भेद यादी करत नाही. बंदुका त्यात का, याला एका ओळीचेही स्पष्टीकरण नाही. नावे मुळात पेमेंट उद्योगातच फिरणाऱ्या याद्यांतून आली होती. सरकारी नियतकालिकात छापली गेल्यावर त्यांचे वजन बदलले.

अमेरिकेत बंदुका विकणे हा परवान्याचा धंदा आहे. 1968 च्या कायद्यानुसार विक्रेत्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो, विक्रीची नोंद ठेवावी लागते. 1998 पासून गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका एफबीआयच्या यंत्रणेतून तपासून घ्यावी लागते. सरकारचे एक खाते ज्याला परवाना देते, त्याचे नाव दुसऱ्या संस्थेच्या यादीत पॉन्झीवाल्यांच्या पंगतीला बसले होते.

यानंतरचे कागद न्याय खात्याचे. नोव्हेंबर 2012 मध्ये ग्राहक संरक्षण शाखेतल्या एका वकिलाने वरिष्ठांना टिपण पाठवले. प्रस्ताव असा होता: ठगांच्या मागे एकेक करून धावण्यापेक्षा त्यांचे पैसे ज्या वाटेने बँकेत शिरतात ती वाटच आवळायची. मोहिमेला नाव मिळाले ‘ऑपरेशन चोक पॉइंट’. बचत-कर्ज संस्थांच्या दिवाळखोरीनंतर 1989 मध्ये झालेल्या एका कायद्याच्या आधाराने बँका आणि प्रोसेसर यांना पन्नासहून अधिक समन्स गेली. हे कागद वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते: त्यांचा सगळा रोख इंटरनेटवरून चढ्या व्याजाने अल्पमुदतीची कर्जे देणाऱ्यांवर आणि घाऊक फसवणुकीवर आहे. बंदूकवाल्यांवर नाही.

मोहिमेचा पहिला मोठा निकाल जानेवारी 2014 चा. नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर ओक्स बँकेने 12 लाख डॉलर भरून खटला मिटवला. तक्रारीनुसार या बँकेने एका प्रोसेसरला सुमारे 2.4 अब्ज डॉलरचे व्यवहार करू दिले होते आणि त्याबद्दल तिला साडेआठ लाख डॉलरच्या वर शुल्क मिळाले होते. कमाईपेक्षा दंड मोठा. हा हिशोब देशातल्या प्रत्येक छोट्या बँकेच्या अनुपालन विभागाने मांडला नसेल, असे मानणे भोळेपणाचे होईल. आणि तो मांडणाऱ्यासमोर कोणती खाती आधी तपासावीत हे सांगणारी तयार यादी 2011 पासून होतीच.

न्याय खात्याला याची कल्पना नव्हती असेही नाही. सप्टेंबर 2013 च्या सहामाही अहवालात, बँका कदाचित कायदेशीर कर्जदात्यांशीही व्यवहार थांबवत असतील, ही शक्यता मान्य केलेली आहे. आणि त्यामुळे तपासाची दिशा बदलण्याचे कारण नाही, असेही लगोलग म्हटले आहे. तो उल्लेख कर्जदात्यांपुरता आहे, बंदुकांच्या दुकानांचा नाही. पण वृत्ती कळते.

हे सगळे बाहेर आले ते प्रतिनिधीगृहाच्या देखरेख समितीमुळे. न्याय खात्याकडून मिळालेल्या आठशेहून अधिक पानांच्या आधारे समितीच्या कर्मचाऱ्यांनी 29 मे 2014 रोजी अहवाल काढला. त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. मजकुरात मात्र शंकेला फारशी जागा नाही. तीस नावांची यादी खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाली ती इथे, आणि तिच्यातली बंदुका व दारूगोळा ही दोन नावे सगळ्यांत जास्त गाजली. अल्पमुदतीच्या कर्जवाल्यांसाठी रस्त्यावर उतरणारे फार नव्हते. बंदूकमालकांची संघटना मोठी होती. समितीवरच्या रिपब्लिकन बहुमताला हे कळत नव्हते असे नाही.

एफडीआयसीने 28 जुलै 2014 रोजी पत्रक काढून यादी मागे घेतली. असल्या उदाहरणांमुळे गैरसमज झाला, हे कारण दिले. जानेवारी 2015 मध्ये आणखी एक सूचना आली: तपासनिसाला एखादे खाते बंद करायला सुचवायचे असेल, तर ते लेखी आणि वरिष्ठांच्या मंजुरीनेच. या एका नियमाने आधीच्या काळावर जेवढा उजेड पडतो तेवढा समितीच्या अहवालाने पडत नाही. लेखी हवे असे सांगावे लागले, म्हणजे तोवर तोंडी चालत होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एफडीआयसीच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. न्याय खात्याच्या मोहिमेत संस्थेचा सहभाग थोड्या कर्मचाऱ्यांपुरता होता आणि मोहिमेच्या दिशेवर त्याचा परिणाम नव्हता. यादी वापरून बँकांना लक्ष्य केल्याचा पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष. मात्र काही अधिकाऱ्यांच्या ईमेलमधला अल्पमुदतीच्या कर्जांविषयीचा राग त्यात नोंदवलेला आहे. या धंद्याचा उल्लेख येईल तिथे अश्लील साहित्याच्या धंद्याचाही उल्लेख यावा, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात योग्य चित्र उभे राहील, असा आग्रह एकाने धरला होता. कोणाशेजारी कोणाला बसवायचे याचा परिणाम काय होतो, हे त्या कचेरीत माहीत होते.

न्याय खात्याने ऑगस्ट 2017 मध्ये संसद सदस्यांना पत्र लिहून मोहीम संपल्याचे कळवले, आणि ती चुकीच्या वाटेची होती असेही म्हटले. सरकार बदलले होते.

सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावले की दोन्ही प्रचलित कहाण्या अपुऱ्या पडतात. ओबामा सरकारने बंदुकांची दुकाने बँकेतून हाकलण्याचा कट केला, ही एक. काहीच घडले नाही, हा निव्वळ कांगावा होता, ही दुसरी. पहिलीला लागणारा हुकूम या कागदांत नाही. दुसरीच्या आड यादी आणि ती मागे घेताना दिलेले कारण येते. माझ्या मते जे घडले ते कटापेक्षा साधे आणि म्हणून जास्त त्रासदायक होते. न सांगताही बँकेला कळत होते. अमेरिकेत ग्राहकाचे खाते बंद करताना कारण देण्याचे सर्वसाधारण बंधन बँकेवर नाही, त्यामुळे दुकानदाराच्या हाती पडणारा कागद सहसा मुका असतो, आणि भांडायचे कोणाशी हेच त्याला समजत नाही.

2018 चा कागद अगदी वेगळ्या जातीचा आहे. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेल्यावर, 22 मार्च 2018 रोजी सिटीग्रुप या बँक समूहाने आपले बंदूकविषयक धोरण जाहीर केले. बंदुका विकणाऱ्या व्यावसायिक ग्राहकांनी पूर्वपीठिकेची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री करू नये, 21 वर्षांखालच्यांना विक्रीवर निर्बंध ठेवावेत, बंप स्टॉक (बंदुकीतून झपाट्याने गोळ्या झाडू देणारे जोडसाधन) आणि जास्त गोळ्यांची मॅगझिन विकू नयेत. इथे कारण, अट आणि नाव, तिन्ही छापील होते. मग विरोधही तसाच छापील आला. बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांशी सरकारी संस्थांनी मोठे करार करू नयेत, असा कायदा टेक्ससने 2021 मध्ये केला आणि तिथल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात मोठ्या बँकांची अडचण झाली.

सिटीने ते धोरण जून 2025 मध्ये मागे घेतले. दोन महिन्यांनी, 7 ऑगस्टला, अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात ‘ऑपरेशन चोक पॉइंट’चे नाव घेऊन नियामकांना सांगितले आहे की ‘प्रतिष्ठेची जोखीम’, म्हणजे ग्राहकामुळे बँकेची बदनामी होण्याची भीती, ही कसोटी आपल्या मार्गदर्शक कागदांतून काढून टाका.