उशिरा पोहोचलेला शब्द: टीसीपी आणि यूडीपी वेगळे का झाले?

मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळी संगणकजाळी जोडणाऱ्या टीसीपीचा तो आराखडा. माहितीची पाकिटे मुक्कामी पोहोचवणे, हरवलेली पुन्हा पाठवणे, सारी क्रमाने लावणे ही सर्व कामे त्यात एकाच यंत्रणेकडे होती.

फायलीसाठी ही शिस्त अनिवार्यच. एक अक्षर गळाले तरी प्रोग्राम बिघडतो. परंतु त्याच वर्षी डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी अर्पानेटवरून मानवी आवाज पाठवत होते आणि तिथे गणित उलटे होते. संभाषणातले एखादे पाकीट हरवले तर क्षणभर खरखर ऐकू येते, अर्थ मात्र कळतो. टीसीपी ते पाकीट पुन्हा येईपर्यंत मागचे सारे शब्द दाराशी तिष्ठत ठेवणार! अचूक पण उशिरा आलेला शब्द बोलणाऱ्यांच्या काय कामाचा?

कोहेन यांनी हा मुद्दा लावून धरला. ऑगस्ट १९७७ मध्ये जॉन पोस्टेल यांनीही एका टिपणात, टीसीपीवर दोन थरांची कामे लादली जात असल्याची स्पष्ट टीका केली. १९७८ मध्ये विभाजन ठरले: पाकिटे पोहोचवण्याचा केवळ प्रयत्न करणारा आयपी खाली, खात्री देणारा टीसीपी वर. खात्री नको असणाऱ्यांसाठी यूडीपी आला. ऑगस्ट १९८० मधील त्याचा दस्तऐवज जेमतेम तीन पानांचा आहे. त्याचे शीर्षक (हेडर) ८ बाइटचे, टीसीपीचे किमान २०.

यूडीपीला सर्रास ‘वेगवान’ म्हणतात, ते अर्धसत्य आहे. तारेतून त्याची पाकिटे अधिक वेगाने धावत नाहीत. तो फक्त कोणासाठी थांबत नाही.

पुन्हा पाठवण्याच्या हट्टाची किंमत ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्ड. तरीही कोंडीमुळे वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायांनी टीसीपीला कोंडी ओळखून हात आखडता घ्यायला शिकवले. यूडीपीत हा संयम आजही वापरणाऱ्या प्रोग्रामवरच सोपवलेला आहे.

मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक यूडीपीवरच उभा आहे. खात्री, क्रम आणि कोंडीचे नियंत्रण तो स्वतः सांभाळतो. मात्र एका प्रवाहातले पाकीट हरवले म्हणून दुसऱ्या प्रवाहाला तिष्ठत ठेवत नाही.